गुडघ्याच्या वर चार बोटं

सिदोनी ओस्माँचा हात थांबला, आणि तिचा हात थांबणं ही त्या छापखान्यात सहसा न घडणारी गोष्ट होती. चौदा वर्षं ती छपाईचे खिळे, शिशाची सुटी अक्षरं, जुळवत आली होती. लग्नपत्रिका, मयताची काळ्या काठाची पत्रं, बिशपसाहेबांची उपासाची फर्मानं, गुरांच्या बाजाराच्या जाहिराती. हात आपला खणातून खिळा उचलायचा, ओळ जुळवायच्या पट्टीत बसवायचा, आणि डोकं मात्र संध्याकाळच्या सूपमध्ये सलगम घालायचा की कोबी याच विचारात असायचं. आज चिमटीत खिळा तसाच राहिला.

समोर टाचलेल्या कागदावर सरदार द त्रेमोविल यांचं अक्षर होतं. कोंबडी चिखलातून चालून गेली असावी असं ते अक्षर, पण सिदोनीला आता ते सरावाचं झालं होतं. सरदारांनी लिहिलं होतं: ‘गुडघ्याच्या वर चार बोटं, जिथे कातडी सगळ्यात मऊ असते, तिथे भाजल्याची एक खूण होती. गव्हाच्या दाण्याएवढीच, पण आकार थेट पानाचा, मधली शीरसुद्धा ओळखू यावी असा.’

तिने ओळ पुन्हा वाचली. मग नकळत एक पाय दुसऱ्या पायामागे घेतला, जणू जाड परकराच्या आरपार कुणाला काही दिसणार होतं. बघत कुणीच नव्हतं. म्हातारा गोस्लँ यंत्राला तेल घालत होता. त्याला ऐकूही अर्धंच येई. नवरा फुल्जाँस खिडकीशी उभा राहून बैलांच्या प्रदर्शनाचं प्रूफ तपासत होता. त्याने मान वर केली नाही. कामात असताना तो मान वर करतच नसे.

तिच्या डाव्या गुडघ्याच्या वर चार बोटं एक पान होतं. गव्हाच्या दाण्याएवढं. मधली शीर ओळखू यावी असं.

प्रशियाशी लढाई हरून चार वर्षं झाली होती. सहासष्ट वर्षांच्या, बिनलग्नाच्या, पायाला वातरोग जडलेल्या सरदारांना म्हातारपणी लेखक व्हायची लहर आली होती. सहा गोष्टी, सहा बायका, सहाही एकीपेक्षा एक वरचढ. पॅरिसच्या पुस्तकवाल्याला छपाई स्वस्तात हवी होती, म्हणून काम कुताँसला, या आडगावच्या छापखान्यात, आलं. फुल्जाँसने ते घेतलं, पण चेहरा असा केला की कुणी रात्रीचं भांडं हातात दिलंय. एकीकडे बिशपसाहेबांचं छापायचं आणि दुसरीकडे हे! पण नाही म्हणायची ऐपत नव्हती.

सिदोनीने मात्र पहिल्या चार गोष्टी चवीने जुळवल्या होत्या. पहिलीतली बाई नवऱ्याच्या काढ्यात रोज थोडं थोडं विष घालते. दुसरीतली जोगीण मठाच्या भिंतीवरून उडी मारते, आणि भिंतीखाली कोण असतं ते सांगायला नको. तिसरी दिराबरोबर जाते, चौथी दिराच्या मुलाबरोबर. सिदोनी ओठ घट्ट मिटून खिळे लावायची आणि मनात म्हणायची, ह्या म्हाताऱ्याला बायकांबद्दल कळतं ते सगळं कुणीतरी सांगितलेलं आहे.

आणि कुणीतरी म्हणजे कोण, ते आता पाचव्या गोष्टीत कळलं होतं.

गातियाँ रोबिलार. सरकारी मोजणीदार. दोन उन्हाळ्यांपूर्वी तो जमिनींची मोजणी करायला आला आणि सरदारांकडे भाड्याने उतरला. मोजणीचे छापील तक्ते तो ओस्माँकडून घ्यायचा, आणि ते दर मंगळवारी पोचवायला सिदोनी जायची, कारण गोस्लँला जिना चढवत नसे. नऊ आठवडे. सिदोनी तेव्हा चौतीस वर्षांची होती आणि तिला वाटत होतं की आयुष्यात जे व्हायचं ते होऊन गेलं. तिला मूल झालं नव्हतं. नवरा मारत नव्हता, पीत नव्हता, बोलतही नव्हता. मग हा लांब बोटांचा माणूस आला, आणि नकाशावर नदी दाखवता दाखवता त्याने तिच्या मनगटावरची शाई अंगठ्याने पुसली. त्या दिवसापासून तिची भूक गेली, झोप गेली. चर्चमध्ये गुडघे टेकले की ती देवाकडे दुसरं काही न मागता मंगळवार मागायची. प्रेम म्हणायचं तर ते प्रेम होतं, आणि तिला त्याची लाज तेव्हाही वाटली नव्हती, आताही वाटत नव्हती.

वाटत होती ती भीती.

कारण ते पान फुल्जाँसने पाहिलं होतं. नुसतं पाहिलं नव्हतं, आठ दिवस त्यानेच त्याला लोणी आणि अळशीचं तेल लावून पट्टी बांधली होती. वितळलेल्या शिशाचा थेंब कपड्यातून आत गेला, असं तिने त्याला सांगितलं होतं, आणि त्याने मान डोलावून तेल मागवलं होतं. रोज संध्याकाळी तो खुर्चीपुढे बसायचा, तिचा पाय मांडीवर घ्यायचा, जुनी पट्टी पाण्याने भिजवून हळूच सोडवायचा. एवढ्या आठ दिवसांत त्याने एकदाच विचारलं होतं, ‘दुखतं का?’

खिळ्यांतली उलटी अक्षरं सुलट्या अक्षरांपेक्षा भरभर वाचणारा हा माणूस. पानभर मजकुरात एक स्वल्पविराम आडवा झाला तर त्याला जेवण जात नसे. पाचव्या गोष्टीच्या पहिल्या पानांचं प्रूफ आज दुपारी त्याच्याच हातात पडणार होतं.

गेल्या वर्षी खोगीरवाल्याच्या बायकोला तिच्या नवऱ्याने फौजदाराकरवी पकडून दिलं होतं. नवऱ्याने फिर्याद द्यायची, बायकोने तुरुंगात जायचं, असा सरळ हिशोब कायद्याने करून ठेवला होता. ती चार महिन्यांनी सुटून आली तेव्हा तिच्या हातचा पाव कुणी घेईना. त्या दिवशी जेवताना सिदोनीने मुद्दामच विषय काढला होता. फुल्जाँसने मासा काट्यावरून सोडवला आणि म्हणाला, ‘कायदा आहे.’ एवढंच. त्याचा अर्थ काय लावायचा ते तिला अजून समजलं नव्हतं. घर त्याचं, छापखाना त्याचा, तिच्या हातातली खिळ्यांची पट्टीसुद्धा त्याची. त्याने दार दाखवलं असतं तर तिच्याकडे हे दोन हात तेवढे उरले असते, आणि हाकलून दिलेल्या बायकोच्या हातांना कुताँसमध्ये कुणी काम देणार नव्हतं.

तिने जुळवलेली दीड ओळ सोडवली आणि नवी जुळवली. ‘उजव्या खांद्यावर, जिथे कातडी सगळ्यात मऊ असते, तिथे एक खूण होती. गव्हाच्या दाण्याएवढीच, पण आकार थेट चंद्रकोरीचा.’ कोरीत शीर बसेना, म्हणून शीर काढून टाकली आणि उरलेली जागा शब्दांमध्ये पसरून दिली. ओळ काठोकाठ बसली. सरदार प्रूफ वाचत नाहीत हे तिला ठाऊक होतं. आधीच्या चारही गोष्टी त्यांनी न उघडता सही करून परत धाडल्या होत्या, एकीवर तर कॉफीचा गोल डागही होता.

आता फक्त चार वाजता काय होतं ते पाहायचं होतं.

चार वाजता वाचन असे. लेखकाचा कागद सिदोनीने हातात घ्यायचा आणि मोठ्याने वाचायचा, स्वल्पविराम, पूर्णविराम सगळं म्हणत. समोर फुल्जाँसने प्रूफवर पेन्सिल धरून ओळीमागून ओळ सरकायचं. कागदात एक आणि प्रूफात दुसरं असेल तर पेन्सिल थांबते. म्हणजे आज तिला कागदात नसलेलं वाचायचं होतं, न अडखळता, चौदा वर्षांच्या त्याच कंटाळलेल्या आवाजात.

‘वाच,’ फुल्जाँस म्हणाला.

ती वाचू लागली. गोष्ट औषधवाल्याच्या बायकोची होती. तिचा यार घोडदळातला अधिकारी. पहिलं पान गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्यावर ती जागा होती. ‘उजव्या खांद्यावर, स्वल्पविराम,’ ती म्हणाली. पेन्सिल सरकली. ‘चंद्रकोरीचा, पूर्णविराम.’ पेन्सिल पुढे गेली.

पुढच्या परिच्छेदात अधिकारी दिवा लावून ती खूण पाहतो. ती वाचत गेली: ‘मग तो तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला आणि त्याने त्या खुणेवर ओठ टेकले, पूर्णविराम.’

पेन्सिल थांबली.

‘थांब,’ फुल्जाँस म्हणाला.

‘काय झालं?’

‘बाई उभी आहे ना?’

‘हो. खिडकीशी उभी आहे असं मागे आलंय.’

‘उभी आहे, खूण खांद्यावर आहे, आणि हा खाली बसतो. ओठ पोचतील कसे?’

गोस्लँ तिकडून ओरडला, ‘काय म्हणताय?’

‘तुमच्या कामाचं नाही, गोस्लँकाका,’ सिदोनी म्हणाली. मग नवऱ्याकडे वळून, ‘अहो, सरदारांना वातरोग आहे. बसल्या बसल्या लिहितात, त्यांना सगळं जग बसलेलंच दिसतं.’

फुल्जाँस हसला नाही. ‘बघू तो कागद.’

‘तुम्हाला ते अक्षर लागायचं नाही. मी वाचलं ना? तसंच आहे.’ तिने कागद छातीशी धरला, आणि धरल्यावर लक्षात आलं की धरायला नको होता. पण त्याने हात पुढे केला नाही. त्याने आपल्या पद्धतीप्रमाणे समासात एक नीट प्रश्नचिन्ह काढलं आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं: ‘खांदा की दुसरं काही? लेखकाने पाहावे.’ लेखकाच्या मजकुराला आपण हात लावायचा नाही, विचारायचं, हा त्याचा नियम होता. बिशपसाहेबांनाही तो विचारत असे.

सिदोनीने बेत केला की प्रूफ आपणच घेऊन जाऊ आणि वाटेत ते पान बदलू. पण ती हात धुऊन येईपर्यंत फुल्जाँसने प्रूफ आणि मूळ कागद दोन्ही दोऱ्याने बांधून, वर ‘पान तीन पाहावे’ असं लिहून, सरदारांच्या नोकराला द्यायला गोस्लँच्या काखेत दिले होते, आणि गोस्लँ लंगडत कोपऱ्यावरून वळतही होता.

त्या संध्याकाळी तिने सूपमध्ये मीठ दोनदा घातलं. फुल्जाँसने वाडगा संपवला.

सकाळी दहा वाजता सरदारांची चिठ्ठी आली. ‘माझा कागद ज्याने वाचला त्याला पाठवावे.’

‘तू वाचलास,’ फुल्जाँस म्हणाला. ‘जा.’ आणि त्याने तिच्याकडे पाहिलं, नेहमीपेक्षा थोडं जास्त वेळ. निदान तिला तसं वाटलं. घाबरलेल्या माणसाला सगळंच जास्त वाटतं.

सरदार उकडलेलं अंडं खात होते. दुखरा पाय उशीवर होता आणि मांडीवर ते पान. जिना तोच होता, समोरचं बंद दार गातियाँच्या खोलीचं होतं. सिदोनीने तिकडे पाहिलं नाही.

‘या, ओस्माँबाई. बसा. नको? उभ्या राहा मग.’ त्यांनी चमचा खाली ठेवला. ‘चार गोष्टी झाल्या. एकीत विष, एकीत मठ, उरलेल्या दोहोंत दीर-पुतणे. तुम्ही कानामात्रा हलवला नाहीत. आणि पाचवीत एक पान तेवढं खुडलंत. का हो?’

‘हात चुकला, सरदारसाहेब.’

‘हात चुकला तर अक्षर जातं, बाई. इथे पाय जाऊन खांदा आलाय.’

खिडकीतून बाजाराचा आवाज येत होता, कुणीतरी बदकांवरून घासाघीस करत होतं. सरदार तिच्याकडे पाहत होते, आणि पाहता पाहता त्यांचा चेहरा हळूहळू उघडत गेला. तेव्हा कुठे सिदोनीला आपली चूक समजली. त्यांना ठाऊक नव्हतं! गातियाँने नाव सांगितलंच नव्हतं. पान छापलं गेलं असतं तर साऱ्या मुलखात ते एकाच माणसाने ओळखलं असतं, आणि तिने ते लपवायला जाऊन दुसऱ्याच्याही हातात दिलं होतं.

‘अरे देवा,’ सरदार म्हणाले. ‘तुम्ही! आणि मी तीन महिने नोटरीच्या बायकोकडे पाहून मिश्या पिळतोय!’

ते खदखदून हसले. मग तिचा चेहरा पाहून हसायचे थांबले. म्हातारा चहाटळ होता, दुष्ट नव्हता. ‘नवऱ्याला ठाऊक आहे?’

‘भाजलं ते ठाऊक आहे. कशाने, ते नाही. त्याने पट्ट्या बांधल्यात, सरदारसाहेब. तुमची ती ओळ वाचली तर त्याला दुसरं काही वाचायला नको.’ तिचा आवाज फुटला आणि तिला त्याचा राग आला. ‘खांदा राहू द्या. तुमच्या पाया पडते.’

‘पाया पडू नका, दुखतोय तो. राहू दे खांदा. माझं काय जातं? गुडघ्यांवर बसतो ते वाक्य काढून टाकतो, म्हणजे तुमच्या नवऱ्याचंही समाधान.’ त्यांनी टाक शाईत बुडवला, ते वाक्य खोडलं, आणि पान तिच्यापुढे धरलं. ‘झालं. घ्या.’

इतकं सोपं होतं. तिने हात पुढे केला. आत्ता कागद घ्यायचा, जिना उतरायचा, आणि सगळं संपलं.

‘एक मात्र आहे,’ सरदार अंड्याकडे वळत म्हणाले, ‘रोबिलार तीन महिन्यांपूर्वी पॅरिसला भेटला, तेव्हा रंगवून सांगत होता हं. अंगठी दिव्यावर तापवली, तुम्ही नको नको म्हणून रडत होतात, पाय धरत होतात, आणि त्याने आपली निशाणी उठवली. घोड्याला डागतात तशी. मी ते तसंच घेतलंय शेवटच्या पानावर. तुम्ही अजून तिथवर आला नसाल.’

सिदोनीचा हात कागदावर तसाच राहिला.

‘काय म्हणालात?’

‘असं तो म्हणाला.’

‘रडत होते? मी?’

‘बाई, मी आपलं ऐकलं ते...’

‘त्याची अंगठी! त्याच्याकडे अंगठी होती कुठे? पान माझं होतं. लग्नपत्रिकेच्या कडेला लावतात तो खिळा, खणातून मी उचलून आणला होता, खिशातून. तुमच्याच त्या खोलीत, तुमच्याच दिव्यावर मी तो चिमट्यात धरून तापवला आणि मीच लावला. माझ्या हाताने! तो म्हणाला होता, उन्हाळा संपला की तू मला विसरशील. मी म्हटलं, आता बघ विसरते का. आणि मग म्हटलं, आता तुझी पाळी.’ ती आता मोठ्याने बोलत होती आणि जिन्यावर नोकर आहे याचं तिला भान नव्हतं. ‘रडला कोण माहीत आहे? तो. चिमटा पुढे केला तर भिंतीला पाठ लावून उभा राहिला. म्हणाला, तू वेडी आहेस. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेला. मोजणी अर्धी टाकून गेला, विचारा सरकारला.’

सरदारांच्या हनुवटीवर अंड्याचं पिवळं लागलं होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचलं नाही.

‘हे,’ ते सावकाश म्हणाले, ‘माझ्यापेक्षा फार चांगलं आहे.’

‘मग लिहा तसं. त्याचं खोटं मी माझ्या हाताने जुळवणार नाही.’

त्यांनी टाक उचलला आणि मध्येच थांबले. वातरोग असला तरी डोकं ठिकाणावर होतं. ‘तुमच्या लक्षात येतंय ना, ओस्माँबाई? बाईने स्वतः डागून घ्यायचं तर खांदा चालणार नाही. स्वतःच्या खांद्यावर कुणाला बघून डागता येत नाही. तुमचा नवरा पुन्हा पेन्सिल थांबवेल.’

सिदोनीने खिडकीबाहेर पाहिलं. बदकांचा सौदा अजून तुटला नव्हता. तिला खोगीरवाल्याची बायको आठवली, तुरुंगातून आल्यावर भिंतीकडेने चालणारी. तिला भीती वाटत होती. पण छापलेल्या पुस्तकात, शे-दीडशे वर्षं, ती त्या पळपुट्याचे पाय धरून रडत राहील, हे त्याहून सहन होईना.

‘मग गुडघा घाला,’ ती म्हणाली. ‘आणि पान. चंद्रकोर नको.’

सरदारांनी तासभर लिहिलं. ती विचारलं तेवढंच सांगत होती, कोणता हात, चिमटा कसला, वास कसला आला. निघताना म्हातारा उठून उभा राहिला, दुखऱ्या पायावर, आणि तिच्यासाठी त्याने स्वतः दार उघडलं.

वाटेत नदीवरचा पूल होता. तिथे ती बराच वेळ कागद हातात धरून उभी राहिली. टाकून दिला असता तर सरदारांनी पुन्हा लिहिला असता, ही तिने स्वतःची काढलेली समजूत होती. खरं म्हणजे तिला तो टाकायचाच नव्हता.

दुपारभर तिने दुरुस्त्या आणि उरलेली गोष्ट जुळवली. फुल्जाँस दोनदा मागून गेला. गोस्लँने ओली प्रूफं दोरीवर वाळत घातली, आणि तिला ती कुणाचे तरी कपडे चव्हाट्यावर टांगल्यासारखी दिसली. चार वाजले.

‘वाच,’ फुल्जाँस म्हणाला.

तिने वाचलं. आज कागदात होतं तेच वाचलं. ‘गुडघ्याच्या वर चार बोटं, स्वल्पविराम, जिथे कातडी सगळ्यात मऊ असते, स्वल्पविराम.’ पेन्सिल सरकत होती. ‘पानाचा, स्वल्पविराम.’ पेन्सिल सरकली. मग औषधवाल्याची बायको चिमटा दिव्यावर धरते, स्वतःच्या हाताने लावते, ओरडत नाही; यार भिंतीला पाठ लावतो; सकाळी पळतो. सिदोनीने सगळं म्हटलं, एकाही विरामचिन्हाला न गाळता. शेवटच्या परिच्छेदात ती बाई घरी येते, दुकानात नवरा तराजू पुसत असतो, ती काही न बोलता आत जाते. तिथे गोष्ट संपत होती.

‘पूर्णविराम,’ ती म्हणाली.

फुल्जाँसने प्रूफाची पानं मागे उलटली, तिसऱ्यावर आला, आणि पेन्सिलीला धार आहे का ते अंगठ्यावर पाहिलं.

‘इथे कमी आहे,’ तो म्हणाला.

‘कागदात एवढंच आहे.’

‘कुठल्या गुडघ्याच्या, ते नाही लिहिलेलं. वाचणाऱ्याला प्रश्न पडतो.’ आणि समासात, न विचारता, प्रश्नचिन्ह न काढता, त्याने आपल्या नीट अक्षरात लिहिलं: ‘डाव्या.’

चौदा वर्षांत त्याने लेखकाच्या मजकुरात स्वतःचा एक शब्दही घातला नव्हता. सिदोनी खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. तिला वाटलं आता तो उठेल, कोट घालेल, फौजदाराकडे जाईल. त्याचे कान लाल झाले होते. हात मात्र टेबलावर स्थिर होता. तो शेवटच्या पानावर आला.

‘इथेही कमी आहे.’ तो अजून कागदाकडेच पाहत होता. ‘ती घरी परत आली. का आली ते नाही.’

‘अहो...’

‘गोष्टीतली बाई म्हणतोय मी. का आली?’

त्याने पेन्सिल टेकवून ठेवली आणि वाट पाहिली. तेव्हा तिला कळलं की तो तिला जागा देतोय. नवऱ्यावर जीव होता म्हणून आली, पस्तावली म्हणून आली, असं एक वाक्य ती बोलली असती, तर त्याने ते लिहून घेतलं असतं आणि हा विषय त्या घरात पुन्हा कधी निघाला नसता. तेल लावणारे ते हात तिला दिसत होते. वाक्य जिभेवर आलंसुद्धा. पण सकाळी एकाचं खोटं जिने सहन केलं नाही, तिला आता स्वतःचं खोटं या माणसाच्या हातून लिहवून घेणं जमेना. त्याने ते नक्की लिहिलं असतं, म्हणून तर जमेना.

‘तो पळून गेला म्हणून,’ ती म्हणाली.

गोस्लँचं यंत्र तिकडे खटखट करत होतं. फुल्जाँसने पेन्सिल उचलली आणि लिहिलं, पूर्ण, सावकाश: ‘तो पळून गेला म्हणून ती घरी आली.’ पूर्णविराम दिला. मग प्रूफ तिच्यापुढे सरकवून तो उठला, आणि वाचन सुरू झाल्यापासून पहिल्यांदा त्याने तिच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे भरलेले होते.

‘जुळव,’ तो म्हणाला.

तिने पट्टी हातात घेतली. तो कुठे गेला नाही. पलीकडच्या खणाशी, तिच्याकडे पाठ करून, बैलांच्या जाहिरातीचे खिळे सोडवत उभा राहिला. सिदोनीने पहिला खिळा उचलला, मग दुसरा. अक्षरं दिसेनाशी झाली होती, पण तिच्या बोटांना ती सापडत होती.